अडतीस मिनिटांचा तबला

सौदीतल्या दम्माममध्ये आमच्या घरात तबला वाजवायचा एक ठरलेला रिवाज होता. आधी खिडक्या लावायच्या, मग पडदे ओढायचे. डग्ग्याच्या चुंबळीखाली टॉवेलाची चौघडी घालायची आणि तबल्याच्या तोंडावर धुऊन धुऊन मऊ झालेला एक नॅपकिन पसरायचा. मग आमचे हे न्हाणीघरात जाऊन धुण्याच्या मशीनची चकती फिरवायचे आणि आत पाणी पडायला लागलं की तिथूनच म्हणायचे, "हं, कर सुरू." मशीनचा एक फेरा अडतीस मिनिटांचा होता. तेवढाच माझा रियाज.

बावीस वर्षं हे असंच चाललं. मशीन पाणी घेत असेल तोवर नुसती बोटं फिरवायची. कपडे घुसळायला लागले की केरवा, दादरा. शेवटी पिळायच्या वेळी मशीन थडथडत फरशीवर सरकायला लागलं की मी जरा धीर करून द्रुत वाजवून घ्यायचे. धुणं कमी असलं तर धुतलेल्या चादरी पुन्हा टाकायच्या. आमच्या चादरींचे रंग फार लवकर विटायचे आणि त्याचा दोष मी नाशिकच्या नातेवाइकांपुढे इथल्या उन्हाला द्यायचे.

भीती नक्की कशाची होती, असं मुलगी आता विचारते, तेव्हा मला नीट सांगता येत नाही. नाशकात मी दहा वर्षं तबला शिकले होते. वर्गात मुलगी मी एकटीच. यांना इथे पेट्रोकेमिकल कंपनीत नोकरी लागली आणि दोन वर्षांच्या लेकीला घेऊन निघायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांनी बजावलं की तबला नेऊ नको, तिकडे चालत नाही. सगळ्यांनी म्हणजे अशा लोकांनी, ज्यांच्यापैकी एकानेही कधी तबला कुठे नेला नव्हता. मी हट्टाने नेला. तबला चादरीत गुंडाळला आणि डग्ग्याला वरून फडकं बांधून तो पातेल्यांच्या खोक्यात बसवला.

विमानतळावर बॅगा उघडायला लावल्या. अधिकाऱ्याने खोक्यातून डग्गा बाहेर काढला तेव्हा लेकीचा हात माझ्या हातातून सुटला. यांनी इंग्रजीत सांगितलं की हे स्वयंपाकाचं भांडं आहे. त्या माणसाने फडकं सोडलं, कातडं बघितलं, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि मग दोन बोटांनी त्यावर अशी काही सुरेख थाप मारली की घुमारा त्या अख्ख्या दालनात गेला. तो हसला आणि "यल्ला, यल्ला" म्हणत त्याने आम्हाला पुढे ढकललं. शहाण्या माणसाने त्यावरून बोध घेतला असता. मी घेतला तो इतकाच, की आज वाचलो, उद्या वाचू असं नाही.

तेव्हा इथे दुकानांतसुद्धा गाणी वाजत नसत हे खरं आहे. आणि आमचं सगळं एकाच खुंटीला टांगलेलं होतं. यांची नोकरी होती म्हणून इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि इकामा होता म्हणून घर आणि लेकीची शाळा. खालच्या मजल्यावर घरमालक आणि त्यांची बायको राहायची. आजीबाई रमजानमध्ये आम्हाला सूप आणि खजूर पाठवायच्या, आणि मी जगात सगळ्यांत जास्त त्यांनाच घाबरायचे. जिन्यात पाऊल वाजलं की माझे हात हवेतल्या हवेत थांबायचे. पाऊल पुढे गेलं की जिथे तोडलं होतं तिथूनच पुन्हा उचलायचं. एक मात्रा इकडे-तिकडे होत नसे. घाबरण्यातही माणूस प्रवीण होतो.

मग गेल्या काही वर्षांत इथलं सगळं बदललं. समुद्राकाठी कार्यक्रम व्हायला लागले, बायका गाड्या चालवायला लागल्या, आणि माझी लेक चक्क कार्यक्रम भरवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागली. बदलले नाही ती मी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या ब्रह्मराक्षसाला पाठी यायचीही गरज नव्हती, तो आमच्यात जेवायलाच बसलेला असायचा.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. लेक दुपारी जेवायला आली आणि ताटावर बसायच्या आधीच तिच्या मराठी-हिंदी खिचडीत म्हणाली, "आई, प्लीज, पहले पूरा सुनो. मग चिड."

युक्रेनहून गाणाऱ्यांचा एक संच येणार होता. तीन बायका आणि अकॉर्डियन वाजवणारे एक म्हातारे गृहस्थ. गाणी त्यांच्या खेड्यापाड्यातली जुनी, लग्नाची, कापणीची, पाळण्याची. पण साथीला वाद्यं जगभरची. चेलो, आफ्रिकेतला ढोल, दातात धरून वाजवायचं मोरचंग, आणि आपला तबला. तबला वाजवायचा मुख्य गायिकेचा धाकटा भाऊ. तिकडे त्यांच्या शेजारच्या खोलीत डॉक्टरकी शिकायला आलेला आपल्याकडचा एक विद्यार्थी राहायचा, त्याच्याकडून तो शिकला होता. आता तो भाऊ युद्धाच्या आघाडीवर होता. गाण्यासाठी कोण सोडणार त्याला? त्याने बहिणीला सांगितलं होतं की तबला बरोबर ने, सौदीत हिंदुस्थानी माणसं पुष्कळ आहेत, कोणी ना कोणी वाजवणारं भेटेल. आणि वाजवलेलं मला पाठव.

"मग? भेटलं का कोणी?" मी आमटी वाढत विचारलं.

"मैंने बोला, मेरी मम्मी बजाती है."

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती बावीस वर्षं झाकलेली मूठ पोरीने चार शब्दांत उघडली. मी भयंकर चिडले. चिडले तेही हळू आवाजात, कारण स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बाबांची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय, कोणी मोबाइलवर काढून कुठे टाकलं, कोणी बाबांच्या मालकाला, कफीलला दाखवलं, कोणी विचारलं की ही बाई स्टेजवर काय करते, तर काय सांगशील? हात दाखवून अवलक्षण! लेक शांतपणे जेवत राहिली. मग म्हणाली, "आई, परमिशन आहे. लेटर आहे. सब लीगल है. तुला कोणाची भीती वाटते, एक नाव सांग."

मला एकही नाव सांगता येईना, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

तिने मोबाइल काढला आणि त्या भावाचा निरोप ऐकवला. बहिणीने तिला पाठवला होता, वाजवणाऱ्याला ऐकव म्हणून. मोडक्या इंग्रजीत एक तरुण आवाज सांगत होता, "जे कोणी वाजवाल त्यांना नमस्ते. मला माझा तबला..." इथे मागे लांब कुठे तरी काही तरी फुटलं. तो थांबला. श्वास ऐकू येत होता. मग त्याने जिथे सोडलं होतं तिथूनच वाक्य उचललं, "...ऐकायचा आहे."



संध्याकाळी हे घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. बूट हातात धरून ते खाली बसले. मग म्हणाले, "अगं, मी कधी तुला वाजवू नको म्हटलंय का?"

"नाही म्हटलंत. मशीन लावलंत."

हे लागलं त्यांना. लागावं म्हणूनच बोलले होते. पण लगेच मला वाईट वाटलं, कारण दर शुक्रवारी त्या दमट न्हाणीघरात स्टुलावर बसून जिन्याकडे कान लावणारा माणूस तोच होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुला वाजवायचंय का?"

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते," ते म्हणाले. मग आम्ही चहा घेतला.

तालमीला मी गेले ती नुसता तबला बघून येते असं सांगून. शहराबाहेरच्या एका दालनात दुपारी तालीम होती. गायिका चाळिशीची, उंच, पांढऱ्या सदऱ्यावर लाल भरतकाम, गळ्यात पोवळ्यांसारख्या मण्यांच्या माळा. तिने तबल्याची पिशवी दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली, तान्हं मूल ठेवतात तशी. चुंबळीच्या कापडावर कोणीतरी निळ्या पेनने सुबक देवनागरीत 'धा' लिहिलेला होता आणि त्याखाली वाकडेतिकडे गिरवलेले आणखी तीन 'धा'. गुरूचं अक्षर वर, शिष्याचं खाली. मी त्यावरून बोट फिरवलं तेव्हा ती म्हणाली, "धा धिन धिन धा." उच्चार अगदी स्वच्छ. भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकून पाठ झालं होतं तिला.

मग ती गायला लागली आणि मी बसल्या जागी दचकले. गळा दाबून, घोळवून गाणं नाहीच ते. छातीतून सरळ मोकळी हाक, आणि त्यात बाकीच्या दोघींच्या हाका मिसळत गेल्या. भिंती हलतील असा आवाज. मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर खिडकी बंद आहे का ते पाहिलं. नंतर तिने सांगितलं की त्यांच्या खेड्यात बायका शेताच्या एका टोकाला उभ्या राहून दुसऱ्या टोकाच्या बायकांशी गायच्या, तिथवर पोचलं नाही तर त्याला गाणं म्हणतच नाहीत.

मधेच भोंगा वाजला. मी ताडकन उठून उभीच राहिले. तिच्या मोबाइलमधून वाजत होता. तिच्या गावावर हवाई हल्ल्याचा इशारा आला की इथे हजारो मैलांवर तिच्या खिशात वाजतो. तिने पाहिलं, "आई आता तळघरात जाईल," म्हणाली, मोबाइल पालथा घातला आणि सुराची पट्टी विचारली. बाकीच्यांनी मानही वळवली नाही. उभी होते ती मी एकटीच.

मी वाजवायला बसले. पहिलं गाणं झालं. ध्वनियंत्रणेवरचा केरळचा माणूस हिंदीत म्हणाला, "मॅडम, तबला नहीं आ रहा." त्याने माइक जवळ आणला. दुसऱ्या गाण्यानंतर म्हणाला, "मॅडम, अब आपकी चूड़ी आ रही है, तबला नहीं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. गायिका येऊन माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि तिने दोन बोटांनी तबल्यावरून नॅपकिन उचलला.

आमच्या घरचा नॅपकिन! तो मी पर्समध्ये कधी घातला आणि तबल्यावर कधी पसरला, मला खरंच आठवत नाही. डग्ग्याखाली बघितलं तर माझ्या ओढणीची चौघडी.  बाकीच्यांना ती काही हिंदुस्थानी पद्धत वाटली असावी, कारण अकॉर्डियनवाल्या आजोबांनी मोठ्या आदराने नॅपकिनची घडी करून माझ्या हातात दिली.

नॅपकिन काढला, ओढणी काढली, तरी तेच. माझा डावा पंजा डग्ग्यावर पडायचा आणि तिथेच बसून राहायचा. बोल उघडेना. 'धा' मारावा तर उजवीकडून 'ता' निघायचा आणि डावीकडून मांजर चालल्याइतकं काहीतरी. मी त्या हाताला मनातल्या मनात शिव्या घातल्या. बावीस वर्षं त्याला एकच शिकवलं होतं, आवाज निघाला की दाब. तो शिकवल्याप्रमाणे वागत होता.

तालमीचं रेकॉर्डिंग तिने भावाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. गाणं छान झालंय, पण तबला कुठे आहे?

तिने मला मोबाइल दाखवला तेव्हा ती हसली, पण ते हसू पुरं झालं नाही. मी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं की खलास, माझ्याच्याने होणार नाही, दुसरं कोणी शोध. लेक म्हणाली, "आई, दोन दिवस राहिलेत. आणि त्याला नेटवर्क कधी मिळेल, परत मिळेल की नाही, कोणाला माहीत." हे ती सगळं मराठीत बोलली, एकही हिंदी शब्द न घालता. लेक अशी नुसत्या मराठीत बोलली की समजावं की ती घाबरली आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी गायिका तबला घेऊन आमच्या घरी आली, सरावाला. मी कांदेपोहे केले. आम्ही बैठकीत बसलो, मी पहिली थाप मारली आणि न्हाणीघरातून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. आमचे हे! पाहुणी असताना, भर दुपारी, सवयीने उठून गेले होते. तिने विचारलं, आत्ता कपडे? लेकीने मग तिला सगळंच सांगून टाकलं, चादरींसकट. मला वाटलं ती हसेल. हसण्यासारखंच होतं. ती मशीनच्या आवाजाकडे कान देत म्हणाली, "आमच्याकडे धोका टळल्याचाही भोंगा वाजतो. तुमच्याकडे तो कोणी वाजवलाच नाही."

मला रडू आलं. हे दारात उभे होते, हात ओले, त्यांनाही आलं असावं, कारण ते पोहे आणायला म्हणून आत गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. त्या दिवशीही डावा हात उघडला नाही. पण निदान मी पळून जाणार नाही, एवढं ठरलं.

कार्यक्रम समुद्राकाठच्या बागेत, सूर्य मावळायच्या सुमाराला होता. हिरवळीवर कुटुंबंच्या कुटुंबं सतरंज्या टाकून बसलेली, थर्मासमधून चहा ओतला जात होता, पोरं फुगे घेऊन पळत होती. या सगळ्यात घाबरण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. तरी स्टेजची पायरी मी लेकीचा हात धरून चढले. समोर जो तो मोबाइल उचलत होता आणि मला प्रत्येक मोबाइल माझ्याकडेच वळलेला दिसत होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पहिल्या रांगेच्या कडेला हे बसले होते, ऑफिसला जातात तसे कडक इस्त्रीचे कपडे घालून, दोन्ही हात मांड्यांवर. त्यांचा चेहरा पाहून मला आणखी भीती वाटली.

पहिली तीन गाणी मी तशीच वाजवली, दाबून. केरळच्या माणसाने दुरून हात हलवला, वर, आणखी वर. मी न बघितल्यासारखं केलं. मग भावाचं गाणं आलं. कापणीच्या वेळचं होतं. सुरुवातीला तिघी नुसत्या गातात आणि नंतर तबल्याने उचलायचं. गायिकेने तिचा मोबाइल रेकॉर्डिंगला लावून माझ्या डग्ग्याशेजारी चटईवर ठेवला, भावाला तबला जवळून ऐकू यावा म्हणून, आणि ती पुढे गेली.

तिघींनी हाक टाकली. ती हाक समुद्रावर जाऊन परत आली असं मला वाटलं. मी मात्रा मोजत होते. आणि डग्ग्याशेजारचा मोबाइल लाल झाला.

भोंग्याचा आवाज तिने बंद केला होता, पण इशारा आला की पडदा लाल व्हायचा. अक्षरं मला वाचता येत नव्हती. तालमीत पाहिल्यामुळे रंग मात्र कळत होता. तिच्या गावावर काहीतरी येत होतं. तिची पाठ माझ्याकडे होती आणि ती गात होती. तिथली आई जिना उतरत असेल, की नसेल? भाऊ कुठे असेल? तिला हाक मारू? गाणं थांबवू? थांबवून ती इथून काय करणार होती? त्या सगळ्या हिरवळीवर, त्या सगळ्या माणसांत, हे एकट्या मला माहीत होतं. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नाही, विमानतळावरसुद्धा नाही. आणि तेवढ्यात माझी मात्रा आली.

मी धैर्य वगैरे काही दाखवलं नाही. हे स्पष्टच सांगते, कारण नंतर लेकीने बऱ्याच जणांना तसं सांगितलं. मी घाबरून मारला तो हात. दार वाजवतात तसा. कोणीतरी आत आहे आणि त्याला उठवायचंय, तसा. डावा पंजा पडला आणि उठला. डग्गा बोलला. तो घुमारा समोरच्या मोठ्या कर्ण्यांतून बाहेर गेला आणि एक फुगेवालं पोर चालता चालता थांबलं. मी स्वतः दचकले, पण थांबायला वेळ नव्हता, पुढचा धा आला होता. मी त्या लाल पडद्याकडे बघत वाजवत राहिले. ऐक, ऐक, असं मी मनात म्हणत होते. गायिकेने गाता गाता एकदा मान वळवली आणि माझ्याकडे नाही, डग्ग्याकडे पाहिलं.

गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या. तिने येऊन मोबाइल उचलला, पाहिला आणि ती चटईवर बसलीच. आईला फोन लागेना. आम्ही स्टेजमागे जाऊन उभे राहिलो, ती पुन्हा पुन्हा लावत होती. चौथ्या की पाचव्या वेळेला लागला. म्हातारीचा आवाज एवढा खणखणीत होता की मला लांबून ऐकू आला. तळघरात होती, बरी होती, वर चुलीवर दूध राहिलं म्हणून चिडली होती, असं फोन ठेवल्यावर कळलं. गायिकेने माझा डावा हात धरला आणि सोडला नाही. दुसऱ्या हाताने तिने रेकॉर्डिंग भावाला पाठवलं. पोचल्याची खूण उमटली नाही.

खाली उतरले तर आमच्या घरमालकांची बायको उभी, दोन नातवंडांना घेऊन. मी जागच्या जागी थिजले. आजीबाईंनी माझा खांदा थोपटला आणि हसत अरबीत काहीतरी म्हणाल्या. लेकीने मला सांगितलं, "वो बोल रही हैं, तुमचं वॉशिंग मशीन फार सुंदर वाजतं. बावीस वर्षं शुक्रवारी चहा पिताना ऐकतेय. आज मात्र मोठ्याने ऐकलं."

यांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या चादरी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. हसावं की डोकं आपटून घ्यावं, ते मला आजही कळलेलं नाही.

संच दुसऱ्या दिवशी गेला, तबला घेऊन. जाताना गायिकेने सांगितलं की भावाचं उत्तर आलं की कळवते. मी रोज विचारायचे. ती रोज एकच शब्द पाठवायची, अजून नाही. मी कणीक मळता मळता मोबाइल बघायचे. हे ऑफिसातून फोन करून विचारायला लागले, "आलं का गं त्याचं?" ज्याला कधी पाहिलं नव्हतं त्या पोरासाठी आम्हा दोघांना जेवण जाईनासं झालं. इकामा, कफील, निवृत्ती, हे शब्द त्या दिवसांत घरात कोणी उच्चारले नाहीत. भीती तेवढीच होती, फक्त तिला आता कोणाचं तरी तोंड होतं.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी निरोप आला. गायिकेने लिहिलं होतं, "त्याने ऐकलं. म्हणाला, बाईंना सांग, तबला पोचला. आणि हे त्यांच्यासाठी पाठवलंय." खाली चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग होतं. तो आहे तिथे आवाज करायची मुभा नाही, असंही तिने लिहिलं होतं. सामानाच्या लाकडी खोक्यावर वाजवलं आहे.

मी मोबाइल टेबलावर ठेवून लावला. काहीच ऐकू येईना. कान जवळ नेला. मग खोल कुठे तरी, दबलेलं, बोटांचं. खोक्याखाली घोंगडी असावी, वरही कापड असावं. मनगट उचलून धरलेलं, पंजा पडताच दाबलेला. हे असं वाजवणं कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. मला कोणी सांगायची गरज नव्हती. केरवा होता. माझी बोटं टेबलावर त्याच्याबरोबर चालायला लागली.

मधेच तो थांबला.

आणि बोटं चालताना पाहून आमचे हे नेहमीसारखे उठले, न्हाणीघरात गेले आणि मशीनची चकती फिरल्याची कटकट ऐकू आली. पाणी पडायला लागलं.

"अहो, बंद करा ते!" मी ओरडले. खाली आजीबाईंना नक्की ऐकू गेलं असेल, इतक्या मोठ्याने. "त्याचं ऐकू येत नाहीये!"

मशीन बंद झालं. हे ओल्या हातांनी येऊन माझ्याशेजारी बसले. आम्ही दोघांनी मोबाइलवर डोकी टेकवली. तिकडे तो अजून थांबलेलाच होता, कशाचा तरी कानोसा घेत. मी मात्रा मोजत होते. पाच, सहा, सात, आठ. मग जिथे तोडलं होतं तिथूनच त्याने उचललं.

त्यानंतर त्याचं काही आलेलं नाही. मी दर शुक्रवारी खिडक्या उघड्या टाकून तबला काढते आणि बसायच्या आधी ते चाळीस सेकंद एकदा लावते. तो पुढे वाजवतो हे मला माहीत आहे. तरी त्या थांब्याशी आलं की मी दर वेळी श्वास धरून बसते.